मेणाचा आणखी एक हात

हेडसरांनी ड्रॉइंगच्या बाईंना मधल्या सुट्टीत ऑफिसात बोलावले आणि बसायला सांगितले, तेव्हाच बाईंना शंका आली. एरवी हेडसर माणसाला उभे ठेवूनच बोलत. बसायला सांगितले, म्हणजे प्रकरण बसूनच ऐकण्याजोगे असणार.

प्रकरण तसेच होते. हस्तकलेची खोली जाणार होती. तळमजल्यावर, फाटकाजवळ असलेल्या त्या लांबट खोलीत मुले माती मळत, पुठ्ठे कापत, लाकडाचे तुकडे घासत. वर्गात तोंड न उघडणारी मुलेसुद्धा तिथे आली की शेजाऱ्याशी भांडण्याइतकी मोकळी होत. हेडसरांना तिथे सभाकक्ष करायचा होता. संस्थेची समिती येत्या गुरुवारी शाळा पाहायला येणार होती आणि जागेवरच मंजुरी देणार होती. मग हस्तकलेचे काय, असे बाईंनी विचारले. जिन्याखालची जागा रिकामी आहे, असे हेडसर म्हणाले. ती अगदीच रिकामी नव्हती. तिथे केरसुण्या होत्या, फुटक्या बादल्या होत्या आणि मागच्या संमेलनातले पुठ्ठ्याचे एक झाड होते.

“पण सर, तिथे मुलांची डोकी आपटतील.”

“पाचवीची नाही आपटणार,” हेडसर म्हणाले. “मी बघून आलोय.”

मग हेडसरांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. खोली वाचवायचा एक मार्ग आहे, असे त्यांनी सुचवले.

त्याचे असे होते. शाळा नवीन होती. इमारत चकचकीत होती, फरशी इतकी गुळगुळीत होती की पावसाळ्यात गणिताचे सर दोनदा पडले होते. पण शाळेत परंपरेची मोठी टंचाई होती. शेजारच्या जुन्या शाळेत भिंतींना ओल होती, बाकांना ढेकूण होते, तरी पालक तिकडेच रांगा लावत, कारण तिथे त्यांच्या आजोबांनी छड्या खाल्ल्या होत्या. अशा परिस्थितीत हेडसर आपल्या साडूच्या घरी जेवायला गेले होते. साडूने नवेकोरे टेबल आणून त्याला खडूची पूड घातलेला रंग दिला होता, वर मेण लावले होते, आणि ते टेबल आता एखाद्या पडलेल्या राजवाड्यातून उचलून आणल्यासारखे दिसत होते. जेवायला आलेला प्रत्येक माणूस त्यावरून हात फिरवून ‘काय काळ होता’ असे म्हणत होता.

हेडसरांनी ऑफिसातल्या गोल टेबलाकडे, चार उंच पाठीच्या खुर्च्यांकडे आणि काचेच्या कपाटाकडे बोट दाखवले. ते सगळे गेल्याच वर्षी आले होते. एका खुर्चीच्या पायाला अजून प्लॅस्टिकचा तुकडा चिकटलेला होता.

“हे शंभर वर्षांचं दिसू द्या, बाई,” हेडसर म्हणाले. “समितीला हेच दाखवू. मग तुमची खोली राहिली असं समजा.”

बाईंनी होकार दिला. दुसरे काय करणार होत्या? शिवाय त्यांना ते काम मनापासून आवडत होते, आणि हीच पुढे पंचाईत झाली. आवडीचे काम माणूस एकट्याने उरकून टाकत नाही, ते चार जणांना शिकवावेसे वाटते. बाईंनी टेबल, खुर्च्या आणि कपाट व्हरांड्यात काढून घेतले आणि पाचवीच्या मुलांना बोलावले.

रंगाचे काम अगदी दृष्ट लागण्यासारखे झाले. सायीच्या रंगाचा तो घट्ट रंग मुलांनी ब्रशने लावला, तो बघता बघता वाळला आणि लाकूड खडूसारखे कोरडे, मातकट दिसू लागले. बाईंनी मुलांना हात लावून बघायला सांगितले. असा रंग तहानलेला असतो, त्या म्हणाल्या. पाणी सांडले तर पाणी पितो, तेल सांडले तर तेल पितो, आणि डाग पोटात ठेवून देतो. म्हणून त्याच्यावर मेण लावायचे. आधी साधे, बिनरंगाचे मेण. ते अगदी पातळ लावायचे आणि जास्तीचे लगेच पुसून घ्यायचे. मग रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी मऊ फडक्याने चमक येईपर्यंत घासायचे. आणि मग हवे असेल तर कोपऱ्यांना, खाचांना थोडेसे तपकिरी मेण, म्हणजे तिथे वर्षानुवर्षे हात लागल्यासारखे वाटते.

पाचवीत एक मुलगी होती. तिला सगळी शाळा प्रश्नपेटी म्हणत असे. तिने विचारले, “बाई, पातळ म्हणजे किती?”

“घरात लोणी संपत आलेलं असताना आई ब्रेडला लावते ना, तेवढं.”

“आमच्याकडे बाबा लावतात. ते भरपूर लावतात.”

“मग बाबांसारखं नको,” बाई म्हणाल्या.

इथपर्यंत सगळे ठीक होते. मंगळवारी रंग वाळला, बुधवारी सकाळी मेण लावायचे ठरले. आणि बुधवारी सकाळी हेडसरांची सूचना वर्गावर्गांतून फिरली. पाचवीच्या एका पालकाने आदल्या दिवशी मुलांचा रंग लावतानाचा फोटो सगळ्यांना पाठवला होता, आणि सहावी ते दहावीच्या पालकांनी आपल्या मुलांनी काय घोडे मारले आहे, अशी विचारणा केली होती. म्हणून सूचनेत असे म्हटले होते की शाळेच्या परंपरा-उपक्रमात पाचवी ते दहावी सर्व वर्गांचा समान सहभाग राहील. प्रत्येक वर्ग आपापल्या तासाला येऊन मेणाचा एक हात देईल. वर्गशिक्षकांनी जातीने लक्ष घालावे.

बाई धावत ऑफिसात गेल्या.

“सर, मेण एकदाच लावायचं असतं. पाचवी लावतेय.”

“मग सहावीच्या पालकांना मी काय सांगू?”

“सहावीला सांगा उद्या घासायला. ते खरं महत्त्वाचं काम आहे.”

“घासणं हे पालकांना बरं दिसत नाही,” हेडसर म्हणाले. “लावणं बरं दिसतं. आणि हे बघा, एका हाताने जे चांगलं होतं ते सहा हातांनी वाईट कसं होईल? अभ्यासाचंच बघा. एकदा वाचून येतं का?”

बाईंनी आणखी दोन-तीनदा तोंड उघडले, पण मग त्यांना जिन्याखालचे पुठ्ठ्याचे झाड आठवले आणि त्यांनी तोंड मिटले.

खरे सांगायचे तर पहिली चूक बाईंचीच झाली. कुठल्याही मुलाचा हात कोरडा राहू नये, हे त्यांचे जुने तत्त्व. पाचवीत मुले पुष्कळ होती आणि खुर्च्या चारच. प्रत्येकाला फडक्यावर बोटभर मेण मिळाले, आणि प्रत्येकाने ते इमानदारीने खुर्चीपर्यंत पोचवले. आता पुसून घ्या, असे बाई सांगणार तोच घंटा झाली. पाचवी गेली, दारात सहावी उभी राहिली, आणि बाईंना रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी तिसऱ्या मजल्यावर तास घ्यायला पाठवण्यात आले. वेळापत्रकात मेण लावायला प्रत्येक वर्गाचे नाव होते. पुसायला कोणाचेच नव्हते.

त्यानंतर खाली काय काय झाले ते बाईंना मागाहून तुकड्यातुकड्यांनी कळले. सहावीच्या गणिताच्या सरांनी आधी खुर्चीचे क्षेत्रफळ काढायला लावले. ते प्रत्येकाचे वेगळे आले, म्हणून ज्याचे सर्वांत जास्त आले त्याच्या हिशेबाने मेण घेण्यात आले. सातवीच्या मराठीच्या बाईंनी मुलांना मेण लावू दिले आणि लावता लावता ‘मी खुर्ची बोलतेय’ हा निबंध मनात जुळवायला सांगितला. मुले निबंधात रमली आणि हात चालूच राहिले. आठवीला पीटीच्या सरांनी शिट्टीवर मेण लावायला शिकवले : एक शिट्टी डावीकडे, एक शिट्टी उजवीकडे, आणि कोणाची लय चुकली की सगळ्यांनी पहिल्यापासून. नववीला विज्ञानाच्या सरांनी मेण म्हणजे काय ते इतके समजावून सांगितले की तास संपत आला, तेव्हा उरलेला अख्खा डबा शेवटच्या पाच मिनिटांत संपवण्यात आला. दहावी आली तेव्हा साधे मेण शिल्लकच नव्हते. दहावीचे वर्ष महत्त्वाचे असल्यामुळे त्यांना थांबायला वेळ नव्हता. त्यांनी तपकिरी मेणाचा डबा उघडला आणि कोपरे, खाचा वगैरे भेद न करता सगळीकडे सारखेच लावून ते परत अभ्यासाला गेले.

शाळा सुटल्यावर बाई खाली आल्या. काकांनी, म्हणजे शाळेच्या शिपायांनी, सगळे सामान ऑफिसात आणून मांडले होते आणि ते आता स्वतःचे तळहात पँटला पुसत उभे होते.

“बाई, हे सोडत नाही,” काका म्हणाले.

बाईंनी टेबलाला बोट लावले. बोट हळूच आत गेले आणि बाहेर यायला त्याने थोडा वेळ घेतला. कपाटावर एक माशी बसली होती आणि बसल्याचा तिला स्पष्ट पश्चात्ताप झालेला दिसत होता. मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर पंख्याच्या वाऱ्याने उडून खुर्चीच्या पाठीवर पडले होते. बाईंनी ते सोडवले तेव्हा पुढच्या महिन्याचे रविवार खुर्चीवरच राहिले.

एवढ्यात हेडसर आले. दारातूनच त्यांनी हात जोडले. खुर्च्या इतक्या काळवंडलेल्या, इतक्या थकलेल्या दिसत होत्या की साडूचे टेबल त्यांच्यापुढे पोरगे वाटले असते. “वा,” हेडसर म्हणाले, “हे तर थेट पूर्वजांचं वाटतंय.” आणि त्यांनी पूर्वजांच्या टेबलावर आपुलकीने दोन्ही तळहात ठेवले.

ते तळहात सुटल्यावर सगळे शिक्षक जमले. शाळेत शिक्षक जमले की उपाय कमी पडत नाहीत. विज्ञानाच्या सरांच्या मते थंडाव्याने मेण घट्ट होते, म्हणून रात्रभर पंखे सुरू ठेवावेत. पीटीच्या सरांच्या मते कॅरमची पावडर टाकली की जगात काहीही घसरते. मराठीच्या बाईंनी सोमवारपर्यंत समिती पुढे ढकलता येते का, असे विचारले, आणि खरे तर तोच सगळ्यांत बरा उपाय होता. ड्रॉइंगच्या बाई म्हणाल्या की अजूनही बिघडलेले नाही. थोडे नवे पातळ मेण फडक्यावर घ्यायचे, त्याने खालचे जुने मेण सैल होते, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने ते ओढून काढायचे आणि घासत राहायचे. पण त्याला पुष्कळ हात लागतील आणि उद्याची अर्धी सकाळ जाईल.

“म्हणजे समिती आली तेव्हा माझ्या ऑफिसात पोरं फडकी घेऊन बसलेली?” हेडसरांनी विचारले. “परंपरा घासताना कोणी दाखवतं का?”

मग त्यांनी स्वतःच उपाय काढला. रंग खडूचा आहे ना, मग चिकटपणावरही खडूच चालेल. आणि खडूची शाळेत कमतरता नाही. काकांना सगळ्या वर्गांतले डस्टर आणायला सांगण्यात आले, आणि ते खुर्च्यांवर झटकण्यात आले. धुरळा बसला तेव्हा खुर्च्या पिठाच्या गिरणीत नोकरी करून आल्यासारख्या दिसत होत्या. हेडसर थोडा वेळ बघत राहिले, आणि आता त्या शंभर नाही, दोनशे वर्षांच्या दिसतात, असे म्हणाले. खबरदारी म्हणून त्यांनी पीटीच्या सरांकडून रस्सीखेचीचा दोर आणवला, तो टेबल-खुर्च्यांभोवती लावला आणि एक पाटी टांगली : ‘ऐतिहासिक वस्तू. स्पर्श करू नये.’

बाई घरी गेल्या, पण त्यांना जेवण गोड लागले नाही. हस्तकलेच्या खोलीतल्या मातीच्या घुबडांची एक रांग खिडकीत वाळत ठेवलेली होती. जिन्याखाली ती कुठे वाळणार, एवढेच त्यांच्या मनात येत होते.

गुरुवारी समिती आली. समितीत दोघे होते. एक अध्यक्षबाई, उंच, कमी बोलणाऱ्या, हातात जाड फाईल. दुसरे सदस्यसाहेब. ते गोल, हसतमुख होते आणि त्यांनी डोळे दिपतील असा पांढराशुभ्र कोट घातला होता. हेडसरांनी त्यांना थेट ऑफिसात नेले आणि दोराच्या बाहेर उभे करून बोलायला सुरुवात केली. ड्रॉइंगच्या बाई दाराशी उभ्या होत्या.

हेडसरांनी ठरवले होते की खोटे बोलायचे नाही, फक्त मोघम बोलायचे. म्हणून ते म्हणाले की या खुर्च्यांना शाळेच्या जीवनात फार मोठे स्थान आहे. सदस्यसाहेबांनी मान डोलावली, तसे हेडसरांना स्फुरण चढले. ते म्हणाले की शिक्षणासाठी झिजलेली माणसे या खुर्च्यांवर बसून गेली आहेत. सदस्यसाहेबांचे डोळे पाणावले, आणि मग हेडसरांना आवरणे कठीण झाले. या खुर्चीवर बसले की माणसाला आपोआप नम्र वाटते, असे ते म्हणून गेले.

“मग आपणही बसून बघू,” सदस्यसाहेब म्हणाले आणि दोराखालून आत गेले.

हेडसर ‘साहेब’ एवढेच म्हणू शकले. सदस्यसाहेब खुर्चीत टेकले, मागे रेलले, त्यांनी डोळे मिटले आणि नम्रता येण्याची वाट पाहिली. अध्यक्षबाईंनीही फाईल टेबलावर ठेवली. काही वेळाने सदस्यसाहेब उठले. उठताना एक लांब, ओलसर आवाज झाला आणि खुर्चीचे पुढचे दोन पाय त्यांच्याबरोबर थोडे वर आले. त्यांना वाटले की आपल्याला सोडवत नाही ते भावनेमुळे.

त्यांची पाठ दाराकडे वळली तेव्हा ड्रॉइंगच्या बाईंना ती नीट दिसली. पांढऱ्या कोटावर खुर्ची उमटली होती. उभ्या पट्ट्या, वरची कमान, खालची आडवी दांडी, सगळे तपकिरी रंगात इतके नीटस उमटले होते की बाईंच्या वर्गात त्या ठशाला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

हेडसरांनीही ते पाहिले आणि ते चटकन सदस्यसाहेबांच्या मागे जाऊन उभे राहिले. अध्यक्षबाईंनी वर्ग बघू या म्हटले आणि फाईल उचलली. फाईल आली, तिचा मागचा पुठ्ठा मात्र टेबलावर राहिला. अध्यक्षबाईंनी त्याकडे एक नजर टाकली. मग त्यांनी बोटे एकमेकांवर घासून पाहिली.

मग शाळेची फेरी निघाली, ड्रॉइंगच्या बाई सगळ्यांत मागे. सदस्यसाहेब पुढे, हेडसर त्यांच्या पाठीला लागून, इतके लागून की सदस्यसाहेब थांबले की हेडसरांचे नाक त्यांच्या कॉलरला टेकत असे. सदस्यसाहेबांनी मागे वळून काही विचारावे, तर हेडसरही गोल फिरून पुन्हा मागे जात. एका वळणावर दोघांच्या अशा तीन-चार प्रदक्षिणा झाल्या. सदस्यसाहेब अध्यक्षबाईंना हळूच म्हणाले की मुख्याध्यापक फार विनयशील आहेत, पुढे यायलाच तयार नाहीत. अध्यक्षबाई ‘हं’ म्हणाल्या.

सहावीच्या वर्गात काही झाले नाही, कारण गणिताच्या सरांनी मुलांना खाली बघून पाढे म्हणायला लावले होते. मग पाचवीचा वर्ग आला. सदस्यसाहेब मुलांशी बोलता बोलता फळ्यापाशी गेले, हेडसर त्यांच्या मागोमाग निघाले आणि बाकाला अडखळले. तेवढ्या वेळात सदस्यसाहेबांनी खडू घेऊन फळ्यावर ‘शुभेच्छा’ लिहिले. सगळ्या वर्गाला त्यांची पाठ दिसली. मग प्रश्नपेटीने हात वर केला.

“विचार, बाळ,” सदस्यसाहेब म्हणाले.

“साहेब, तुमच्या कोटावर आमची खुर्ची कशी आली?”

सदस्यसाहेब हसले. मग त्यांनी पाठ बघायचा प्रयत्न केला. मान एका बाजूने वळवली, मग दुसऱ्या, आणि शेवटी त्यांनी कोट काढून समोर धरला. वर्गात कोणी हसले नाही. मुलांना ते चित्र मनापासून आवडले होते, आणि चांगल्या चित्राला हसायचे नसते, हे बाईंनी त्यांना शिकवले होते.

अध्यक्षबाई ड्रॉइंगच्या बाईंकडे वळल्या. “हे काय आहे?”

हेडसर बाईंकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि विनवणीच्या मागे जिन्याखालची जागा होती. बाईंना दोन्ही दिसत होत्या. आपण खरे सांगितले तर खोली गेली, हे त्यांना कळत होते. पण समोर पाचवीचा वर्ग होता आणि प्रश्न वर्गात विचारलेला होता. वर्गात विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर द्यायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती.

“मेण आहे,” बाई म्हणाल्या. “खुर्च्या गेल्या वर्षीच्याच आहेत. आम्ही त्या जुन्या केल्या. मेण पातळ लावून पुसायला हवं होतं. जास्त लागलं आणि पुसायचं राहिलं. पहिला जास्तीचा हात माझ्याच वर्गाचा.”

हेडसरांनी भिंतीवरच्या नकाशाकडे अशा नजरेने पाहिले की त्यातला कुठलाही देश त्यांना चालला असता.

“निघतं का?” अध्यक्षबाईंनी विचारले.

“कोट धोब्याकडे द्यावा लागेल. खुर्च्यांचं निघतं. पुष्कळ हात लागतात.”

“हात तर इथे आहेत,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी आपली बोटे दाखवली. “आणि मलाही हे काढायचंच आहे.”

अशा रीतीने पाचवीचा सगळा वर्ग ऑफिसात आला. बाईंनी फडकी वाटली, मेणाचा नवा डबा उघडला, आणि ब्रेड-लोण्याचा धडा पुन्हा पहिल्यापासून दिला. या वेळी सगळ्यांनी तो नीट ऐकला. चारचार मुले एकेका खुर्चीला लागली. एक जण जुने मेण सैल करी, दुसरा ओढून काढी, उरलेले दोघे पाळी येईपर्यंत सल्ला देत. खडूची पूड, तपकिरी मेण आणि पुढच्या महिन्याचे रविवार, सगळे हळूहळू फडक्यांवर आले. सदस्यसाहेबांनी बाह्या वर केल्या आणि आपण बसलो होतो ती खुर्ची मागून घेतली. ती आपली वैयक्तिक जबाबदारी आहे, असे ते म्हणाले. अध्यक्षबाई कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धूत होत्या. हेडसरांच्या ऑफिसात बेसिन होते, मोठे फरशीचे, दोन नळांचे. शाळेत दुसऱ्या कुठल्याही खोलीत तसे नव्हते. एकेक मूल येऊन तिथे हात धुऊन जात होते.

“एरवी हस्तकलेला पाणी कुठून आणता?” त्यांनी बाईंना विचारले.

“व्हरांड्याच्या टोकाहून. बादलीने.”

“आणि मुख्याध्यापकांना इथे बेसिन कशाला लागतं?”

बाईंना याचे उत्तर माहीत नव्हते. हेडसरांना होते, पण ‘केस विंचरायला’ हे त्यांना त्या वेळी सांगावेसे वाटले नाही. विषय बदलावा म्हणून, आणि बुडताना हाताला लागेल ते धरावे म्हणून, त्यांनी आपल्या प्रस्तावाचा विषय काढला. हस्तकलेची खोली किती उत्तम आहे हे ते सांगू लागले. ती फाटकाजवळ आहे, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष राहते. हवेशीर आहे. पालकांना जिने चढावे लागत नाहीत. सभांना, एकूणच कचेरीच्या कामाला तिच्यासारखी जागा साऱ्या इमारतीत नाही, आणि ती मुलांच्या हाती वाया जाते आहे. ते बोलत गेले तसा त्यांना धीर येत गेला. अध्यक्षबाई टॉवेलने एकेक बोट पुसत सगळे शांतपणे ऐकत होत्या.

“बरोबर आहे तुमचं,” त्या शेवटी म्हणाल्या. “कचेरीच्या कामाला तीच खोली योग्य. तुम्ही तिकडे जा. सोमवारपासून.”

“मी?”

“कचेरी म्हणजे तुम्हीच ना? आणि हस्तकला इथे. पाणी आहे, उजेड आहे, मुलं आलेलीच आहेत.” त्यांनी खोलीभर नजर फिरवली. “सामान हलवायची घाई करू नका. हे पुरतं कडक व्हायला किती वेळ जाईल, बाई?”

“काही आठवडे तरी. तोवर जपून वापरावं लागेल.”

“मग हे इथेच राहू दे. मुलं जपतील.”

सदस्यसाहेब तेवढ्यात खुर्चीवरून वर बघत म्हणाले की या बाजूला चमक यायला लागली आहे, जरा कोणी येऊन बघा. सगळे बघायला गेले. सायीच्या रंगावर मंद, मऊ तकाकी आली होती. ती खुर्ची शंभर वर्षांची दिसत नव्हती, वर्षाचीही दिसत नव्हती. कोणीतरी लक्ष देऊन केलेली दिसत होती.

सोमवारी अदलाबदल झाली. मातीची घुबडे हेडसरांच्या खिडकीत आली आणि हेडसर मातीच्या वासात गेले. सोमवार-मंगळवार ते फाटकाजवळच्या खोलीत बसले. तिथे बसणे त्यांना जड गेले, कारण फाटकाजवळ असल्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याचेच त्यांच्यावर लक्ष राहू लागले. सहावीच्या पालकांना तर आता जिनेही चढावे लागत नव्हते.

बुधवारी सकाळी ड्रॉइंगच्या बाई पाचवीला कागदाचे पक्षी शिकवत होत्या. दार उघडून हेडसर आत आले. सवयीने सरळ बेसिनकडे गेले, नळ सोडला, हात ओले करून केसांवरून फिरवले, आरशात पाहिले, आणि आरशात त्यांना सगळी पाचवी दिसली. मुले हातातले कागद तसेच धरून बघत होती. बाहेर व्हरांड्यातून दोन पालकांचे चढलेले आवाज ‘हेडसर कुठे आहेत’ असे विचारत पुढे गेले.

बाई उठल्या आणि त्यांनी दार हळूच लोटून घेतले.

प्रश्नपेटीला मात्र राहवले नाही.

“सर, तुमचा कुठला गट?”

हेडसरांनी दाराकडे पाहिले, मग मुलांकडे. खिडकीजवळच्या गटात एक स्टूल रिकामे होते. ते जाऊन त्यावर बसले, आणि त्यांनी शेजारच्या मुलाला विचारले की पहिली घडी कुठून घालायची.